गूढ शब्दकोडे: उत्तराबरोबर उलगडाही लिहा

निळी शाई

साध्या शब्दकोड्यात ‘नदी (३)’ असं दिलेलं असतं, आपण ‘सरिता’ लिहितो आणि पुढे सरकतो. गूढ शब्दकोड्याचं तसं नाही. तिथे प्रत्येक शोधसूत्रात दोन वाटा असतात: एक सरळ अर्थाची, दुसरी अक्षरांच्या खेळाची. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी पोचतात. सरळ अर्थ सूत्राच्या सुरुवातीला असतो नाहीतर शेवटी, मधे कधीच नाही. आणि दोन वाटांमधला सांधा सहज दिसू नये म्हणून सगळं मिळून एक साधं वाक्य केलेलं असतं.

एक सोडवून दाखवते.

*सरकार खानावळीच्या पोटात दडवते माल तयार होण्याची जागा (४)*

वाचताना डोळ्यांपुढे सरकार येतं, खानावळ येते, लपवलेला माल येतो. ते सगळं विसरा. ‘माल तयार होण्याची जागा’ हा सरळ अर्थ. ‘पोटात दडवते’ हा इशारा. कुणाच्या पोटात? ‘सरकार खानावळीच्या’ या अक्षरांच्या. सर‑कार खाना‑वळीच्या. कारखाना! सूत्रातला एकही शब्द वाया गेलेला नाही.

नियम थोडेच. एका घरात एक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारासकट. जोडाक्षराला एकच घर. अक्षर फिरलं तर आपल्या मात्रेसकट फिरतं. म्हणजे ‘नदी’ उलटी केली की ‘दीन’ होईल. वेलांटी ‘द’ला सोडून ‘न’कडे जाणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती. ‘३ = अमुक’ एवढंच लिहून जाऊ नका. उत्तर का, ते सांगा. उलगडा नसेल तर मी उत्तर बरोबर धरणार नाही.

१. पगडीचे डोके उडाले, उरला घरकाम करणारा (२)
२. विकता गोंधळ उडाला, हाती उरली छंदातली रचना (३)
३. गुरुजी, परंतु चुलीत घालायचे ते (४)
४. थोडेसे म्हातारपण (२)
५. पालीच्या पोटात केसातला जीव, पुढे टाकावे ते (३)
६. ओंजळ उलटी सर्प (२)
७. वेल उलटी चढली, तबलजीने धरला तो (२)
८. चित्ताला टोळी जोडा, घड्याळ बांधायची जागा (४)
९. राग उलटला, फणसातून बाहेर पडला (२)
१०. सर्वांनी मनापासून ईश्वरापुढे आरंभी लावावी ती (३)

आडवाटेचा

१. गडी. पगडीचं पहिलं अक्षर म्हणजे डोकं, ते उडवलं की ‘गडी’ उरतो.

९. गरा! राग उलटा. मी देवगडजवळचा, फणसात उलटून काय सापडणार हे मला आधी कळलं, ‘राग’ नंतर दिसला.

पाटीपेन्सिल

८. मनगट. चित्त = मन, टोळी = गट.

३. जळण?

निळी शाई

१, ८, ९ बरोबर, उलगड्यासह. तिसऱ्याचा विचार चुलीच्या दिशेने चाललाय ते ठीक, पण ‘जळण’ तीन अक्षरी आहे आणि त्यात गुरुजी कुठे आहेत?

रानजाई

२. कविता. ‘विकता’तली अक्षरं गोंधळली: वि‑क‑ता, क‑वि‑ता. ‘छंदातली’ शब्दाने मी बराच वेळ टपाल तिकिटांच्या आणि नाण्यांच्या छंदात अडकले होते. इथे छंद म्हणजे वृत्त.

निळी शाई ताई, ‘कवीची’ असा शब्द सूत्रात न घालता छंदावरून आणलंत हे फार आवडलं. उत्तराचंच मूळ सूत्रात दिसलं की मजा जाते.

सातबारा

३ सरपण.

निळी शाई

सातबारा, का?

सातबारा

शाळेत आम्ही गुरुजींना सर म्हणायचो. परंतु म्हणजे पण. सर + पण. आणि सरपण चुलीतच घालतात. सुट्टीत मामाच्या गावी रोज संध्याकाळी मोळी आणायला जायचो. हा शब्द लिहून कित्येक वर्षं झाली असतील. उत्तर आधी आलं आणि मग दोन तुकडे वेगळे दिसले. ‘पण’ हा शब्द सरपणात इतकी वर्षं बसलेला होता आणि कधी लक्षात आला नव्हता.

निळी शाई

हे जे शेवटचं वाक्य लिहिलंत ना, त्यासाठीच मी उलगडा मागते. नुसतं ‘३ सरपण’ वाचून गेले असते तर हे मला मिळालं नसतं.

गच्चीवरून

५ वर दोन दिवस अडकलोय. केसातला जीव म्हणजे लीख. पाल + लीख. ‘पालीखल’ असं काही होत नाही. कोंडा जीव नाही. कुणी धागा पुढे नेईल का?

रानजाई

लिखेची आई घ्या 🙂

गच्चीवरून

ऊ!! पा‑ऊ‑ल. पाऊल. पालीच्या पोटात ऊ. पुढे टाकावे ते पाऊल.

किती सुंदर आहे हे. आम्ही नेहमी ‘उवा’ म्हणतो, एकटी ऊ कधी भेटतच नाही. लहानपणी आजी दर रविवारी बहिणीला पुढ्यात बसवून बारीक दातांची फणी फिरवायची आणि नखावर टक्‌ करून आवाज काढायची. तेव्हा ती ‘एक ऊ मिळाली’ म्हणायची, तेवढंच ऐकलेलं.

उंबरठा

इथे एक शंका आहे. भांडायला नाही, खरंच समजून घ्यायचं आहे. पहिल्या उदाहरणात ‘खानावळीच्या’ यातली अक्षरं जशीच्या तशी घेतली. पाचव्यात मात्र ‘पालीच्या’ लिहिलंय आणि आपण ‘पाल’ घेतोय. ‘पाली’ घेतली तर ‘पाऊली’ होईल. एकाच कोड्यात विभक्तीचं सामान्यरूप कधी मोजायचं, कधी सोडायचं?

निळी शाई

उंबरठा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. मराठीत कोडं रचताना हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. इंग्रजीत शब्द सहसा जसाच्या तसा राहतो, त्याआधी छोटे शब्द येतात. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय लागला की शब्दच बदलतो: पाल, पालीला, रवा, रव्यात, ओढा, ओढ्याकाठी.

मी पाळते तो दंडक असा. अक्षरं जिथे उचलायची आहेत (लपलेला शब्द, गोंधळलेली अक्षरं) तिथे कागदावर दिसतात तीच धरायची, एकही वेलांटी इकडची तिकडे नाही. शब्द जिथे वस्तू म्हणून येतो (अमक्याच्या पोटात तमका) तिथे मूळ शब्द धरायचा, कारण प्रत्यय हा त्या इशाऱ्याचा भाग असतो. ‘च्या पोटात’ हा अख्खा इशारा, आणि त्याच्या आधीची वस्तू पाल.

हा दंडक सगळ्यांना पटेल असं नाही. पण कोडं रचणाऱ्याने एकदा धरला की शेवटपर्यंत सोडू नये.

उंबरठा

पटलं. आणि शुद्धलेखनाचीही गंमत आहे इथे. ‘ऊ’ एकटी असते तेव्हा दीर्घ, ‘उवा’ झाल्या की ऱ्हस्व. सूत्रात ‘केसातले जीव’ असं अनेकवचन असतं तर पाऊल मिळालंच नसतं.

तिसरी घंटा

४. जरा. थोडेसे = जरा. म्हातारपण = जरा (जराजर्जर मधली). दोन अर्थ शेजारी ठेवले, मधे काहीच नाही. या कोड्यातलं सगळ्यात छोटं आणि मला सगळ्यात आवडलेलं सूत्र.

पण मोठ्याने वाचून बघा. ‘जरा थांब’ मधला ज दंतमूलीय, ‘झरा’तल्या झ च्या जातीचा. ‘जरा‑मरण’ मधला ज तालव्य, ‘जीव’सारखा. तोंडाने दोन वेगळे शब्द, कागदावर एकच. च, ज, झ यांचे दोन उच्चार आणि लिपीत एकच खूण, हे कोडं रचणाऱ्याला मिळालेलं घबाड आहे. जग आणि जग, चार आणि चार.

पाटीपेन्सिल

मग याच्या उलटही होईल ना? उच्चार एक आणि लेखन वेगळं? मी एक करून बघते.

*ऐकायला दिवस, पाहायला गरीब (२)*

तिसरी घंटा

दीन. कानाला ‘दिन’, डोळ्यांना ‘दीन’. उत्तम!

आणि हे चालतं त्याला कारण आहे. मराठी शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असलं की आधीचा इ‑उ आपण लांबवतो: वीट, फूल, मूल. ‘दिन’ संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून ऱ्हस्व लिहायचा, पण जीभ आपल्या सवयीने त्यालाही लांबवते. म्हणून दिन‑दीन, सुत‑सूत, शिर‑शीर अशा जोड्या ऐकताना एक होतात. आपल्या भाषेत लिहितो तसंच बोलतो म्हणून असली सूत्रं होणार नाहीत, असं मला वाटत होतं. होतात की.

आडवाटेचा

६. पसा. सर्प = साप, उलटा केला की पसा, म्हणजे ओंजळ.

रानजाई

६. साप. ओंजळ = पसा, उलटी केली की साप, म्हणजे सर्प.

गच्चीवरून

आता?

उंबरठा

दोघांचेही उलगडे निर्दोष आहेत. दोष सूत्रात आहे. ‘उलटी’ हा इशारा बरोबर मधे उभा आहे, तो डावीकडच्या शब्दाचा की उजवीकडच्या, हे ठरत नाही. ‘उलटी’ स्त्रीलिंगी आहे म्हणून ओंजळीची, असं कुणी म्हणेल. पण मग ‘सर्प’शी वाक्य जोडायला काही नाही. जाळं असतं तर आडव्या शब्दातलं एखादं अक्षर येऊन निर्णय लागला असता. सुटं सूत्र मात्र एकच उत्तर देणारं हवं.

सातबारा

अजून एक. आमच्याकडे पसा म्हणजे एका हाताचा, खोलगट केलेला तळवा. दोन हातांची ती ओंजळ. भिक्षेला आलेल्याला आजी पसाभर जोंधळे घालायची, ओंजळभर नाही. सुगीच्या दिवसांत मात्र ओंजळ.

निळी शाई

आडवाटेचा आणि रानजाई, दोघांनाही बरोबर धरते, आणि सूत्र मागे घेते. उंबरठांचा मुद्दा मान्य. सातबारांचा तर त्याहून मान्य. कोशात न बघता मी पसा आणि ओंजळ एकच समजत होते. नवीन रूप:

*धान्य घेतलेला तळवा उलटला, निघाला सर्प (२)*

आता उलटतो तो तळवाच, निघतो तो सापच.

तिसरी घंटा

या निमित्ताने थोडं इतिहासाचं, कारण हा वाद नव्वद वर्षं जुना आहे.

शब्दकोडं पहिल्यांदा छापलं आर्थर विन यांनी, २१ डिसेंबर १९१३ ला, ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात. माणूस मूळचा लिव्हरपूलचा. ते कोडं चौकोनी नव्हतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं, आणि सूत्रं सगळी सरळ अर्थाची. त्याला गूढ वळण मिळालं ते इंग्लंडात. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ या नावाने एडवर्ड पॉविस मॅदर्स कोडी घालू लागले. स्पेनच्या धर्मन्यायसभेतल्या छळाबद्दल कुप्रसिद्ध अधिकाऱ्याचं नाव त्यांनी घेतलं होतं, यावरून सोडवणाऱ्यांचे काय हाल होत असतील ते कळतं. लंडनच्या ‘टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० ला आपलं पहिलं कोडं छापलं.

पण मॅदर्स यांच्या काळात न्याय‑अन्यायाचे नियम ठरलेले नव्हते. १९४९ मध्ये ‘अफ्रिट’ या नावाने कोडी रचणारे ए. एफ. रिची यांनी एक दंडक लिहिला. त्याचा आशय असा: मी जे म्हणतो ते मला अभिप्रेत नसलं तरी चालेल, पण मला जे अभिप्रेत आहे ते मी म्हटलंच पाहिजे. वाचकाला चकवायला पूर्ण मुभा, फसवायला नाही. पुढे ‘झिमेनेस’ या नावाने डेरिक मॅकनट यांनी याच पायावर सगळे नियम बांधले.

सहाव्या सूत्रावर आत्ता जे झालं ते अगदी हेच. निळी शाईंना ‘साप’ अभिप्रेत होता, पण त्यांनी तसं म्हटलं नव्हतं.

उंबरठा

परदेशातलं तुम्ही सांगितलंत, आपल्याकडचं मी सांगतो. हे सुभाषित पाहा:

कं संजघान कृष्णः का शीतलवाहिनी गङ्गा ।
के दारपोषणरताः कं बलवन्तं न बाधते शीतम् ॥

वरवर चार प्रश्न. कृष्णाने कुणाला मारलं? थंड पाण्याची गंगा कोणती? बायकोच्या पोषणात कोण रमलेले असतात? कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? उत्तरं बाहेर शोधायची नाहीत. पदं वेगळ्या ठिकाणी तोडा: कंसं जघान कृष्णः, कृष्णाने कंसाला मारलं. काशीतलवाहिनी गङ्गा, काशीतून वाहणारी. केदारपोषणरताः, शेत पिकवण्यात रमलेले, म्हणजे शेतकरी. कम्बलवन्तं न बाधते शीतम्, कांबळं असलेल्याला थंडी बाधत नाही.

प्रश्नाच्याच पोटात उत्तर असतं म्हणून याला अंतर्लापिका म्हणतात. सरकार‑खानावळ हे याच घराण्यातलं. एक अक्षर हललेलं नाही, फक्त श्वास घेण्याची जागा बदलली. मला शाळेत हे शिकवणाऱ्या बाईंनी दोन्ही ओळी फळ्यावर एकही जागा न सोडता सलग लिहिल्या होत्या आणि आम्हाला खडूने उभ्या रेघा मारायला लावल्या होत्या. पहिली रेघ ‘कंसं’नंतर पडली तेव्हा वर्गात जो आवाज उठला तो अजून आठवतो.

रानजाई

अंगावर काटा आला. आजच मुलीला दाखवते, सलग लिहून.

गच्चीवरून

यावरून एक सुचतं. रोमन लिपीत सव्वीसच अक्षरं, त्यामुळे लांबलचक शब्दांची अक्षरं पिसून दुसरे शब्द सहज होतात. आपल्याकडे ‘क’ वेगळा, ‘का’ वेगळा, ‘कि’ वेगळा, ‘क्य’ वेगळा. पिसण्याची सूत्रं जुळणं फार कठीण. पण तोडण्या‑जोडण्याची आणि लपवण्याची सूत्रं आपल्याकडे जास्त खुलतात, कारण प्रत्ययांची अक्षरं आपोआप पांघरूण घालतात. मराठीत रचायचं तर जोर तिथे द्यावा.

तरीही पिसण्याचं एक जमलंय. बघा:

*पिकल्या आंब्यासारखा सरदार गडबडला (४)*

पाटीपेन्सिल

रसदार! स‑र‑दा‑र, र‑स‑दा‑र. दोन अक्षरं जागा बदलतात आणि घोड्यावरचा माणूस आढीतला आंबा होतो.

निळी शाई

फार छान. इशारा शेवटी, अर्थ सुरुवातीला, एकही शब्द फुकट नाही. पुढच्या कोड्यात हे घालू का, तुमच्या नावाने?

गच्चीवरून

आनंदाने.

आडवाटेचा

७. ताल. वेल = लता, उलटी = ताल. तबलजीने धरला तो ताल. (उलटापालटीची तीन सूत्रं जरा जास्त होतात. ६, ७, ९. एक कमी चाललं असतं.)

उंबरठा

उत्तर बरोबर, पण सातव्यावरही माझी हरकत आहे. ‘उलटी चढली’. शब्द आडवा असेल तर ‘चढली’ला काही अर्थ नाही, आडव्या शब्दात कुणी वर चढत नाही. शब्द उभा असेल तर ‘चढली’ म्हणजेच खालून वर, म्हणजेच उलट. मग ‘उलटी’ने ती पुन्हा उलटते आणि लता लताच राहते! दोन इशारे एकमेकांना खोडतात.

निळी शाई

हे मला अजिबात दिसलं नव्हतं. ‘उलटी’ कानाला बरी वाटली म्हणून ठेवली गेली. शब्द उभा करते आणि ‘उलटी’ काढते. तीन उलटापालटी जास्त हेही खरं. दोन अक्षरी शब्द पटकन उलटतात म्हणून हात तिकडे जातो.

दहावं अजून कुणी घेतलं नाही.

सातबारा

दहाव्यात सरळ अर्थ कुठे संपतो तेच कळत नाही. सगळंच सरळ वाटतंय. आरती? उदबत्ती? ‘लावावी ती’ म्हणजे उदबत्तीच असणार, पण ती चार अक्षरी.

पाटीपेन्सिल

आईला वाचून दाखवलं. तिला डोळ्यांनी वाचता येत नाही आता, म्हणून मी रोजचं कोडं मोठ्याने वाचते. तिने दोनदा म्हणायला लावलं आणि म्हणाली, “आरंभीची घे. सर्वांनीतला स, मनापासूनचा म, ईश्वरातली ई.”

समई.

आणि मग म्हणाली, “बाकीचं वाक्य पण समईचंच आहे.”

निळी शाई

आईंना माझा नमस्कार सांगा. अगदी हेच. ‘सर्वांनी मनापासून ईश्वरापुढे’ यांची आरंभीची अक्षरं म्हणजे खेळ, आणि पूर्ण वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं तर तेच समईचं वर्णन. सातबारांना सांधा सापडला नाही कारण इथे तो नाहीच. असं सूत्र फार क्वचित जुळतं. यावर मी तीन आठवडे घालवलेत. ‘ई’ने सुरू होणारा, देवघरात शोभणारा शब्द शोधणं हेच मोठं काम होतं.

रानजाई

एक बारकी शंका. ‘सर्वांनी’चं पहिलं अक्षर ‘स’ की ‘सर्’? आपण म्हणताना तर ‘सर्‑वांनी’ म्हणतो.

उंबरठा

म्हणताना सर्‑वांनी, लिहिताना स‑र्वां‑नी. रफार पुढच्या ‘वां’च्या डोक्यावर बसतो, म्हणून घरात जाताना तो ‘वां’बरोबर जातो. पहिल्या घरात एकटा ‘स’. पाटीपेन्सिल यांच्या आईंनी कानाने ऐकूनसुद्धा ‘स’च घेतला, म्हणजे त्यांच्या मनात शब्द लिहिलेला दिसत होता.

पाटीपेन्सिल

हो, ती मराठीची शिक्षिका होती. आता तिने एक स्वतःचं दिलंय, सगळ्यांसाठी:

*नाळेच्या आत रव्याचा पहिला कण, देवापुढे फोडतात (३)*

आडवाटेचा

नारळ. ना‑ळ च्या आत र, रव्याचं पहिलं अक्षर. आणि रवा‑नारळाचा लाडू बाजूलाच ठेवलाय, वा आई!

निळी शाई

आईंचं सूत्र पुढच्या कोड्यात पहिलं. येत्या रविवारी जाळ्यासकट टाकते, आठ बाय आठचं. त्यात सातवं उभं असेल: *वेल चढली, तबलजीने धरला तो (२)*.